अंग चोरणारा आरसा

आरसा म्हटलं की माणसाला आपलं तोंड आठवतं. आमच्याकडच्या जुन्या लग्नांत 'आरसी-मुसहफ' नावाचा एक विधी असे. नवरा-नवरीनं एकमेकांना पहिल्यांदा बघायचं ते थेट नाही, मध्ये ठेवलेल्या आरशात. तिथंही शेवटी चेहराच बघायचा असतो. मोटारीच्या दारावरचा आरसा मात्र या घराण्यातला नाही. त्यात आपण आपलं तोंड बघू नये अशी अपेक्षा असते. (सिग्नलला थांबून भांग पाडणारे सद्‌गृहस्थ इथं अपवाद समजावेत.) तो दुसऱ्याला बघण्यासाठी आहे, मागून कोण येतंय, किती जोरात येतंय, त्याला वाट द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी. आणि अलीकडे या आरशाला आणखी एक गोष्ट शिकवली आहे. गाडी उभी राहिली की खटका दाबायचा, आणि तो 'घूं' असा आवाज करत गाडीच्या अंगाला चिकटतो. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: अंग चोरणं. बोळातून दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही खांदे आत घेतात, तसंच. हे शहाणपण मोटारीला यायला पंचाहत्तर वर्षं लागली. ती कशी, ते आज सांगतो.

सुरुवात एका बाईपासून करायला हवी. डोरोथी लेव्हिट लंडनच्या नेपिअर या मोटार कंपनीत सेक्रेटरी म्हणून आल्या आणि बघता बघता शर्यतीत गाड्या पळवू लागल्या. १९०६ साली ब्लॅकपूलला त्यांनी ताशी १४६ किलोमीटरच्या आसपास वेग गाठला आणि बायकांमध्ये तो विक्रम ठरला. १९०९ साली त्यांचं 'द वूमन अँड द कार' हे पुस्तक निघालं. मोटार चालवू पाहणाऱ्या बायकांना त्यात अगदी घरगुती सल्ले आहेत. सीटखालच्या छोट्या खणात काय काय असावं, याची त्यांची यादी होती आणि तिच्यात एक हातआरसा होता. तो कशाला? तर प्रवासानंतर चेहरा ठीकठाक करायला, आणि गर्दीच्या रस्त्यावर मधूनमधून वर धरून मागचं बघायला. गाडी बनवणाऱ्या एवढ्या मोठमोठ्या इंजिनिअरांना मागं बघायची गरज सुचायची होती. ती बाईंनी पर्समधल्या आरशावर भागवली. मला स्वतःला या इतिहासातली ही सगळ्यात आवडती जागा वाटते. शोध लावणाऱ्यांच्या यादीत मात्र त्यांचं नाव बऱ्याचदा तळटीपेत जातं.

दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, अमेरिकेत इंडियानापोलिसची पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. चाळीस गाड्या होत्या. त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोन माणसं बसत. एक चालवणारा आणि दुसरा मेकॅनिक. मेकॅनिकचं काम इंजिनाला तेल पंप करणं आणि मान वळवून मागं बघत राहणं. रे हॅरून या गड्यानं गाडी आणली ती एकाच माणसाची. 'मार्मन वास्प' तिचं नाव. बाकीच्यांनी तक्रार केली, की याच्याकडे मागं बघणारं कोणी नाही, हा आम्हाला धोका. मग हॅरूननं आपल्या पुढ्यात, चौकटीत बसवून, आठ इंच लांब आणि तीन इंच रुंद असा एक आरसा लावला. पुढं त्यानं सांगितलं, की शिकागोत एका घोडागाडीवर त्यानं असा आरसा पाहिला होता. तेव्हा घोड्याची बग्गी मोटारीच्या पुढं होती म्हणायची. ताशी १२० किलोमीटरच्या सरासरीनं, पावणेसात तासांच्या आत, हॅरूननं ती शर्यत जिंकली. गंमत अशी, की तो मार्ग विटांचा होता आणि गाडी इतकी थरथरत होती, की आरशात धड काही दिसतच नव्हतं. हेही त्यानंच नंतर कबूल केलं. म्हणजे इतिहासातला हा प्रसिद्ध आरसा निव्वळ तक्रारदारांचं तोंड बंद करण्याच्या कामी आला.

पण त्या दिवशी एक मोठी गोष्ट झाली होती. आरशानं एका माणसाची जागा घेतली होती. आपल्याकडे तो माणूस अजून पुरता उतरलेला नाही. ट्रकच्या डाव्या बाजूला बसणारा क्लीनर आठवा. खिडकीतून अर्धा बाहेर, दारावर थाप मारून 'जाऊ दे, जाऊ दे' सांगणारा, आणि गाडी मागं घेताना खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे... बास!' करणारा. एसटी मागं घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी देतो, तेही तेच काम. या माणसाचा एक फायदा आरशाला कधी देता आला नाही. आरसा दाखवतो, पण बोलत नाही. क्लीनर पादचाऱ्यालाही ओरडून सांगतो, 'ओ आजोबा, सरका.'

आरशाला बाजारात आणलं ते एल्मर बर्गर या अमेरिकनानं. १९२१ साली त्यानं पेटंट घेतलं. विकताना नाव काय दिलं असेल? पोलीस हुडकणारा! मागून पोलिसाची गाडी येते का ते आधी कळावं, म्हणून घ्या, अशी ती जाहिरात. सुरक्षेच्या नावावर खपलं नसतं, ते धाकाच्या नावावर खपलं.

एवढं होऊनही आरसा पुढं कित्येक वर्षं हौसेची वस्तू राहिला. अमेरिकेत आतला एक आणि चालवणाऱ्याच्या बाजूचा बाहेरचा एक, असे आरसे सक्तीचे झाले ते १ जानेवारी १९६८ पासून. उजवीकडचा, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रवाशाच्या बाजूचा आरसा फुगीर काचेचा असेल, तर त्यावर 'दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत' अशा अर्थाचं वाक्य कोरावं लागतं. फुगीर काच जास्त जागा दाखवते, पण सगळं लहान करून दाखवते, आणि लहान दिसलेलं मनाला लांब वाटतं. तेच इंग्रजी वाक्य आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवर येऊन बसलं. आम्हा कवींना ते फार मोहात पाडतं. पण ते कायद्याचं वाक्य आहे, कवितेचं नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

आपल्याकडची गोष्ट निराळी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट-पद्मिनी घ्या, कलकत्त्याजवळची अँबॅसडर घ्या किंवा १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० घ्या. डावीकडचा आरसा म्हणजे बरेचदा ज्याचा त्यानं दुकानातून आणून बसवायचा. पुढं २००९ साली रस्त्यावर आलेल्या टाटा नॅनोच्या सगळ्यात स्वस्त मॉडेललाही एकच आरसा होता, चालवणाऱ्याच्या बाजूचा. किंमत खाली आणताना पहिल्यांदा कशावर कात्री चालते, ते यातून कळतं. खरं तर आपल्या रस्त्यावर डावीकडून सायकल येते, लूना येते, भाजीची हातगाडी येते. ज्या बाजूनं गरीब माणूस येतो, त्याच बाजूचा आरसा नाही. मग त्या मागच्या माणसानं करायचं काय? आवाज. ट्रकच्या पाठीवर ते रंगवूनच ठेवलेलं असे, 'हॉर्न ओके प्लीज'. मला दिसत नाही, तूच सांग, असा त्याचा सरळ अर्थ. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं या अक्षरांवर बंदी घातली, तेव्हा कारण दिलं ते ध्वनिप्रदूषणाचं.

आता आरसा मिटायला कसा शिकला, त्याकडे येऊ. तो प्रथम मिटला तो जागेसाठी नव्हे, माणसासाठी. दाराबाहेर वीतभर आलेली, कठीण, टोकदार वस्तू वेगात असताना कुणाच्या कोपराला किंवा सायकलवाल्याच्या हाताला लागली, तर हाड मोडतं. युरोपीय समुदायानं आरशांबद्दलचा एक आदेश १९७१ साली काढला, आणि तिकडच्या नियमांत आरशावर लंबक आपटून बघायची चाचणी आली. आरशानं धक्का बसताच मान टाकायला हवी. ताठ उभं राहून समोरच्याला जखमी करायचं नाही. म्हणून आरशाच्या बुडाशी स्प्रिंग आणि खाच आली. हातानं ढकलला की 'खट्' करून मागं जातो, ओढला की परत जागेवर येतो. आपण गाडी लावल्यावर जी सोय वापरतो, ती मूळची रस्त्यानं चालणाऱ्याची ढाल आहे. हे मला कळलं तेव्हापासून ती 'खट्' माझ्या कानाला वेगळी लागते.

मोटर बसवली ती जपाननं. तिथला किस्सा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जपानमध्ये १९८३ पर्यंत आरसे दारावर नसत. ते पुढं, चाकांच्या वर, मडगार्डवर, दोन काड्यांवर उभे असत. जुन्या जपानी सिनेमातल्या गाड्या आठवा, गोगलगायीच्या शिंगांसारखे दिसतात. त्याचे फायदे होते. समोरच्या काचेतूनच दिसायचे, मान फार वळवावी लागायची नाही, आणि गाडीच्या रुंदीबाहेर फारसे येत नसत. परदेशी गाड्या तिथं विकू पाहणाऱ्यांना मात्र हा नियम अडचणीचा होता. व्यापारावरून कुरबुर झाली आणि १९८३ साली दारावरच्या आरशांना परवानगी मिळाली. गाड्या देखण्या झाल्या, आणि दोन्ही बाजूंनी रुंद झाल्या.

जपानात रुंदी ही चैन नाही, हे लक्षात घ्या. तिथं १९६२ पासून कायदा आहे, की गाडी ठेवायला स्वतःची जागा आहे याचा दाखला दिल्याशिवाय, काही भाग आणि काही छोट्या गाड्या सोडल्या तर, मोटारीची नोंदणीच होत नाही. ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. त्यांच्या 'केई' जातीच्या छोट्या गाडीची रुंदी कायद्यानं १.४८ मीटरच्या आत ठेवलेली. शहरांत गाड्या कपाटातल्या ताटांसारख्या एकावर एक रचायचे लोखंडी मनोरे. अशा ठिकाणी आरसा बाहेर काढून उभं राहणं म्हणजे लोकलच्या गर्दीत कोपर बाहेर काढून उभं राहण्यासारखं. तेव्हा परवानगी मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, निस्सान कंपनीनं आपल्या 'लॉरेल' या गाडीला खटक्यावर मिटणारे आरसे दिले. मोटारीवर मिटणारा आरसा तिथून सुरू झाला. तोक्योच्या टॅक्सीवाल्यांनी मात्र मडगार्डवरचे आरसे सोडले नाहीत. दारावरच्या आरशात बघताना शेजारच्या प्रवाशाकडे रोखून बघितल्यासारखं होतं, ते त्यांना प्रशस्त वाटेना, असं सांगतात. २०१७ साली आलेल्या तिथल्या नव्या टॅक्सीवरही आरसे मडगार्डवरच ठेवले आहेत.

(जागेच्या दाखल्याची ही कल्पना आपल्याकडेही येऊन ठेपली. गाडी ठेवायला जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, अशी घोषणा मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी केली. आमच्या मिरजेत हे ऐकून एक जण म्हणाले, 'माणसाला जागा नाही, गाडीचा दाखला कुठनं आणू?')

या आरशाच्या पोटात फार काही नसतं. खेळण्यात असते तशी एक छोटी मोटर, तिच्या टोकाला स्क्रूच्या आट्यांसारखा दांडा, त्याच्याशी जुळणारं दातेरी चाक. मोटर पुष्कळ वेळा फिरते तेव्हा आरसा हळूहळू थोडा वळतो. ताकद वाढते आणि वाऱ्याच्या झोतानं तो आपोआप मिटत नाही. शेवटाला पोचला की मोटर अडते, विजेचा ओढा वाढतो, तो ओळखून यंत्रणा वीज बंद करते. आणि यात ती जुनी युरोपची खाच कायम असते. मोटर असो वा नसो, धक्का बसला तर आरशानं मागं जायलाच हवं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आमच्या गल्लीतलं भांडण त्यावरच झालं.

मी राहतो त्याच्या जवळच मिरजेची सतारमेकर गल्ली. पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे करणारी घरं. पंढरपूरच्या बाजूनं मोठाले भोपळे येतात, ते सुकवून, कापून, त्यावर दांडी चढते. तयार तंबोरा एका माणसानं उचलून नेणं म्हणजे तान्हं मूल नेण्यासारखं असतं. पोट मोठं, कवच पातळ, भिंतीला घासलं तरी महिन्याची मेहनत वाया. त्या गल्ल्यांत आता दोन्ही अंगांनी गाड्या लागतात. पूर्वी रस्त्यात आरसा आडवा आला, की येणारा-जाणारा कोपरानं हलकेच आत ढकलून पुढं जाई. गाडीवाल्याला विचारायची पद्धत नव्हती आणि गाडीवाल्यालाही त्याचं काही वाटत नसे. जनाजा निघाला, की दोन पोरं खांदेकऱ्यांच्या पुढं चालत आणि डावी-उजवीकडचे आरसे मिटत जात. कुणी त्यांना सांगितलेलं नसे. गणपतीच्या मिरवणुकीपुढंही हेच. आरसा कुणाच्याही गाडीचा असो, मिटायचा हक्क गल्लीचा होता.

मोटरचे आरसे आले आणि हा हक्क गेला. एका सकाळी वयानं सत्तरीला टेकलेले एक कारागीर तंबोरा घेऊन निघाले होते. नव्या गाडीचा आरसा आडवा होता. त्यांनी सवयीनं कोपर लावलं. वरच्या गॅलरीतून तरुण मालक ओरडला, "चाचा, हात लावू नका! मोटर आहे आत. पंधरा हजाराचा आरसा आहे."

चाचा थांबले. म्हणाले, "बाळ, मग तूच खाली ये आणि मीट. मी इथं उभा हाय."

तो खाली आला. पायऱ्या उतरून, किल्ली शोधून, येईस्तोवर पाच मिनिटं गेली. मागं दोन रिक्षा, एक दूधवाला, शाळेची मुलं. आरसा 'घूं' करत मिटला. चाचा गेले. पण त्यानंतर त्या गल्लीत मोटारवाल्या आरशाला कोणी हात लावीना, आणि मालक मात्र कधी मिटत, कधी विसरत.

मी नंतर ओळखीच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींना विचारलं. ते हसले. म्हणाले, "सर, हातानं मिटला म्हणून मोटर जळत नाही. फक्त तो खाचेतनं सुटतो. नंतर बटण दाबून दोनदा उघड-मीट करायचं. 'कट्' असा आवाज आला की परत जागेवर बसला. रोज रोज जोर लावू नये एवढंच." बऱ्याच गाड्यांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेतही हेच लिहिलेलं असतं; ती पुस्तिका कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. मी हे त्या तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, "बघतो काका." 'बघतो' याचा अर्थ आपल्याकडे काय होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझं म्हणणं एवढंच, की खटका मालकाच्या हातात दिला तर आठवणही त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून जी गाडी कुलूप लावताच आरसे आपोआप मिटते, ती मला गल्लीसाठी जास्त बरी वाटते. आता मध्यम किमतीच्या छोट्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्येही ही सोय मिळते. त्यात मालकाचाही स्वार्थ आहे. लांबून बघितलं तरी कळतं: आरसे मिटलेत, म्हणजे कुलूप लागलं. रात्री अकराला गॅलरीतून वाकून खात्री करणाऱ्यांना हे सुख कळेल. पण सोय आपोआप असली तरी बहुतेक गाड्यांत ती चालू-बंद करता येते, आणि दुकानातून येताना ती बंदही असू शकते. एकदा बघून घ्यावं.

उलटा प्रकारही आपल्याकडे आहे, आणि तो मला अजिबात आवडत नाही. गाडी लावताना नव्हे, चालवतानाच दोन्ही आरसे मिटलेले. कारण विचारलं की उत्तर येतं, रिक्षा घासून जातात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी लेव्हिटबाई एका हातानं चाक आणि दुसऱ्या हातानं आरसा सांभाळत होत्या, आणि आपण दाराला लावून मिळालेला आरसा काच वाचवायला बंद करतो. १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम मागचं दिसेल असा आरसा गाडीला हवा म्हणतात. मिटलेल्या आरशात दिसतो तो आपल्याच गाडीचा पत्रा.

आता तर आरसाच जाईल अशी चिन्हं आहेत. जपाननं जून २०१६ मध्ये आरशाऐवजी कॅमेऱ्याला परवानगी दिली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात लेक्सस कंपनीची तशी पहिली गाडी तिथं विक्रीला आली. दाराबाहेर बारीक दांडी, तिच्या टोकाला डोळा, आणि चित्र आत पडद्यावर. पावसात काच पुसायला नको, मागच्या गाडीचा झोत डोळ्यांवर यायला नको. नजर सरावायला वेळ लागतो म्हणतात, आणि किंमतही बरीच. आमच्या गल्लीत अशी गाडी अजून आलेली नाही. आली तर तंबोरा नेणाऱ्याला चार बोटं जागा जास्त मिळेल.